खिशात गेलेला रोटर

कामाग्वेय, ९ फेब्रुवारी २०१४

बाबा,

कागद पुढ्यात घेतला आणि पहिल्याच शब्दाला अडले. 'तुम्ही' लिहू की 'तू'? आई शिवणयंत्रावरून म्हणाली, "तुम्ही लिही. ओळख नसलेल्याला तुम्ही म्हणतात." मी तू लिहिते आहे. आईला दाखवणार नाही.

इकडून तिकडे सतत ये-जा करणाऱ्या मार्गोबरोबर पाठवलेला तुझा निरोप मिळाला. इंजिनियर झालीस, आता तिकडे फ्लोरिडात, ताम्पाला ये, कागदपत्रांचं मी बघतो. उत्तर नाही असं आहे. रागाने म्हणत नाही. या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. मला शिकवलं ते इथल्या लोकांनी, आणि इथे दुरुस्त करायला इतकं काही पडलेलं आहे की माझं सगळं आयुष्य सुखाने त्यातच जाईल. सध्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आहे, फ्लोरिडा गावाच्या अलीकडे. हो, नाव तेच, फ्लोरिडाच. आई ओळख करून देताना सांगते, "नवरा फ्लोरिडात, मुलगी फ्लोरिडाला. पण मुलगी संध्याकाळी परत येते."

पत्र लिहायचं कारण प्लिमथ.

गाडी अजून मागच्या अंगणात आहे, ताडपत्रीखाली. तू गेलास त्या दिवसापासून ती सुरू झालेली नाही, आणि का ते तुला माहीत आहे. इथे सगळेच झोपायच्या आधी सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडतात आणि आत फिरणारा रोटर काढून खिशात टाकतात, म्हणजे गाडी कुणी पळवू शकत नाही. तूही रोज तेच करायचास. पण ज्या सकाळी तू विमानतळाला गेलास, तेव्हा रोटरही गेला. दुसऱ्याच दिवशी आजी पडली आणि हात मोडला. आईने सगळ्या गल्लीसमोर गाडीत बसून किल्ली फिरवली, इंजिन नुसतं घरघरत राहिलं. शेवटी आजीला घोडागाडीतून दवाखान्यात नेलं. आजी ते मरेपर्यंत सांगत होती, आणि प्रत्येक वेळी गोष्टीतला घोडा आणखी म्हातारा व्हायचा.

दुसरा रोटर मिळाला असता. रेम्बेर्तोने दोनदा शोधूनही दिला होता. आईने घेतला नाही. "त्याने नेला, तोच आणून देईल," एवढंच तिचं म्हणणं. आठ वर्षं.

आता मात्र ती थकली आहे. गाडी रेम्बेर्तोला द्यायची, असं ठरलं आहे. तुला रेम्बेर्तो आठवत असेल, कोपऱ्यावरचा, ज्याच्या हातातून कुठलीही गाडी डिझेल होऊन बाहेर पडते. तो आपलं सहा सिलिंडरचं इंजिन उपसून काढणार, सुट्या भागांसाठी मोडणार, त्या जागी कुठल्याशा व्हॅनचं डिझेल इंजिन बसवणार आणि गाडी टॅक्सीला लावणार. घरात दोन पैसे येतील, आईचं शिवणकाम कमी होईल. वाईट काहीच नाही त्यात. तरी मी मध्ये पडले. चौसष्ट वर्षांचं इंजिन, ब्लॉकला चीर नाही, सिलिंडर शाबूत, आणि मुठीएवढ्या एका भागापायी त्याला मरू द्यायचं, हे मला पटत नाही. डिस्ट्रिब्युटर मी दुरुस्त करणार आणि गाडी चालवून दाखवणार, असं मी दोघांना सांगितलं.

रेम्बेर्तो म्हणाला, "बघा इंजिनियरीणबाई, मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी इंजिन उचलायची लोखंडी घोडी घेऊन येतो. चाललं तर घोडी रिकामी परत नेईन."

आईने तिची अट घातली. "नुसतं घरघरून चालणार नाही. फ्लोरिडाला जाऊन परत यायचं. या घरातलं कुणीतरी फ्लोरिडाला जाऊन परत आलेलं मला बघू दे."

तुझ्याकडून रोटर नको. मी नवा करणार आहे. फक्त एकच गोष्ट सांग, कारण ती आता तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. रोटर दांड्यावर बसतो तिथे एक खाच असते. रोटरचं पितळी टोक त्या खाचेच्या बाजूला होतं की विरुद्ध बाजूला? लहानपणी शंभरदा पाहिलंय. आठवत नाही.

मार्गो गुरुवारी निघते आहे. जमलं तर तिला फोनवर सांग, ती इथे कळवेल.

युसिमी

२३ फेब्रुवारी

बाबा,

तुझा निरोप आला नाही. ठीक आहे, काम थांबलेलं नाही.

डिस्ट्रिब्युटर उतरवून वर्कशॉपच्या बाकावर उघडला. तुला कळावं म्हणून सांगते, तक्रार म्हणून नाही: तो शेवटी ज्या अवस्थेत चालत होता ती बघून मी जागीच बसले. दांडा ज्या कड्यांत फिरतो त्या बुशमध्ये इतका लुळा झाला होता की बोटाने हलवला तरी डोलायचा. दांडा असा डोलला की ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट कधी उघडी, कधी मिटलेली, आणि ठिणगी लहरीवर. झाकणाला आतून केसाएवढी चीर, आणि त्या चिरेतून वीज वाट काढत गेल्याची काळी रेघ. आणि खाली, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या वजनांवर दोन स्प्रिंग असतात ना, त्यातली एक बॉलपेनची निघाली.

बॉलपेनची, बाबा! तू घातलेली. टोकं किती नीट वळवली होतीस, चिमट्याचा ओरखडासुद्धा नाही. आमचे प्राध्यापक याला 'तात्पुरती व्यवस्था' म्हणाले असते. मी ती वजनं हाताने पसरून तपासली, आणि पेनची स्प्रिंग शेजारच्या मूळ स्प्रिंगइतकीच ओढते. तिला हात लावला नाही.

बाकीचं मी बदललं. बुश नवे कातले, कारखान्याच्या मोडीत काढलेल्या पंपाच्या काशाचे. लेथवरचा दियोनिसियो म्हणाला, "साखरेच्या पंपाचं कासं आहे, गाडीला मधुमेह होईल." कंडेन्सर रशियन ट्रकचा. झाकणाची चीर कोरून स्वच्छ केली आणि चिवट डिंकाने भरली. पॉइंट घासून सपाट केले, फट गेजने मोजून बसवली. रेम्बेर्तो काडेपेटीचा पुठ्ठा घालून मोजतो आणि वर सांगतो की पुठ्ठ्याला गेजपेक्षा जास्त अनुभव आहे.

राहता राहिला रोटर.

त्याला असा पदार्थ लागतो जो तापला तरी वितळत नाही आणि वीज जाऊ देत नाही. दोन दिवस डोकं खाजवलं. मग जेवताना समोर दिसला. प्रेशर कुकरचा दांडा. जुना, काळा, बेकेलाइटचा.

आई विचारेपर्यंत मी तो करवतीने कापलासुद्धा होता.

"कुकरचा दांडा कुठे गेला?"

"गाडीत जाणार आहे."

"बापाने गाडीतलं घराबाहेर नेलं, तू घरातलं गाडीत नेतेस. माझ्या वाट्याला फक्त घेवडा!"

सध्या ती कुकर फडक्याने धरते आणि दर वेळी मला ऐकू जाईल अशा आवाजात 'आई गं' म्हणते. भाजत अजिबात नाही, मी बघितलंय.

रोटर देखणा झाला आहे. वरची पट्टी आणि टोक जुन्या नळाच्या पितळेतून कापलं. टोक झाकणाच्या आतल्या खुंट्यांपासून किती लांब असावं ते गेजने बसवलं. फक्त ती एक गोष्ट, टोक खाचेच्या कुठल्या बाजूला, ती अंदाजाने ठेवावी लागली. दांड्यावर खूण नाही, झाकणावर आकडे नाहीत, आणि तारा कुणीतरी केव्हाच ओढून काढल्या आहेत. मी खाचेच्याच बाजूला ठेवलं. चुकलं तर बघू. चूक गोल फिरणाऱ्या वस्तूत झाली असेल तर ती कुठे तरी सापडतेच.

युसिमी

९ मार्च, रविवार

बाबा,

हात अजून काळे आहेत, कागदावर डाग पडले तर तेच.

सकाळी रेम्बेर्तो खरंच घोडी घेऊन आला. साखळ्या खणखणत अंगणात उभी केली आणि शेजारी खुर्ची टाकून बसला. आईने त्याला कॉफी दिली. मला दिली नाही. "तुला काम झाल्यावर," म्हणाली.

इंजिन मी आठवडाभर आधीच तेल सोडून हाताने फिरवून मोकळं केलं होतं. एक आणि सहाचे पिस्टन एकत्रच वर येतात, म्हणून सहाव्या सिलिंडरच्या डोक्यावरच्या भोकात तार घालून पिस्टन वर आला की तार कुठवर उचलली जाते ते पाहिलं, डिस्ट्रिब्युटर बसवला, तारा पुस्तकातल्या जागी, पुस्तकातल्या क्रमाने जोडल्या: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. बॅटरी रेम्बेर्तोनेच दिली. हरणाऱ्याला निदान बॅटरी तरी चांगली असावी, म्हणाला.

किल्ली फिरवली.

बाबा, तोफ! कार्बोरेटरमधून ज्वाळ बाहेर आली आणि असा बार झाला की शेजारच्या कोंबड्या भिंतीवर. आईने शिवणयंत्राचं झाकण ढालीसारखं पुढे धरलं. रेम्बेर्तो खुर्चीतून पडला, आणि पडल्या पडल्याच हसायला लागला.

"जिवंत आहे हो गाडी! खोकतेय! क्षयच झालाय, पण जिवंत आहे!"

पुन्हा फिरवली. पुन्हा बार. तो उठून साखळी सोडायला लागला. आई म्हणाली, "पुरे, युसिमी. तू केलंस तेवढं पुष्कळ झालं." तिचा आवाज मऊ होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. आई चिडलेली असते तोवर तिला आशा असते.

मी म्हटलं, "खुर्चीवर बस रेम्बेर्तो. बार होतोय म्हणजे ठिणगी आहे. जोरदार आहे. फक्त भलत्या घरी जाते आहे."

आणि हे बोलताना मलाच दिसलं. एक नंबरचा सिलिंडर हवा-पेट्रोल दाबून तयार बसलेला असतो, तेव्हा ठिणगी जात होती बरोब्बर त्याच्या समोरच्या खुंटीला, म्हणजे सहाला. सहाचा दरवाजा त्या वेळी उघडा, म्हणून आग उलटी बाहेर. एवढी नेमकी समोर जाते म्हणजे दुरुस्तीत काही सैल नाही. रोटरचं टोकच उलट्या बाजूला आहे. तुझ्या रोटरचं खाचेच्या विरुद्ध होतं. तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला कोंबड्यांनी दिलं.

रोटर नवा करायला पुन्हा आठवडा गेला असता, आणि कुकरला दुसरा दांडा नव्हता. पण रोटर फिरवायची गरजच काय? झाकणावर सहा खुंट्या गोल बसल्या आहेत. रोटर अर्धा फेरा चुकला असेल तर ताराही अर्धा फेरा चुकवायच्या. मी सहाच्या सहा तारा उपटल्या आणि प्रत्येक तीन घरं पुढे लावली.

रेम्बेर्तो बघत होता. "पुस्तकात असं असतं?"

"नसतं. पण पुस्तकात कुकरचा दांडाही नसतो."

तिसऱ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा बार झाला नाही. एक घरघर, एक उचकी, आणि मग तो आवाज, बाबा. तुला तो सांगायची गरज नाही. तू गल्लीच्या टोकाला असायचास तेव्हापासून मी तो ओळखायची आणि ताटं मांडायला घ्यायची.

आई कॉफी घेऊन आली. माझा पेला हातात देताना नुसतं म्हणाली, "अजून फ्लोरिडा आहे."

गेलो. मी चालवली, आई शेजारी, रेम्बेर्तो मागे, कारण बॅटरी त्याची आणि त्याला ती डोळ्यांआड करायची नव्हती. महामार्गावर कारखान्याच्या पुढे चढ लागतो तिथे मी वेग वाढवला, आणि तुझी बॉलपेनची स्प्रिंग नेमकं जे करायला हवं ते करते आहे, हे मला पायाखाली कळलं. फ्लोरिडात चौकात गाडी थांबवली, पेरूच्या वड्या घेतल्या, परत निघालो. आई जाताना दोन्ही हातांनी दार धरून बसली होती. येताना खिडकीची काच खाली करून दिसेल त्याला हात करत होती, ओळखीच्यालाही आणि बिनओळखीच्यालाही.

रेम्बेर्तोने घोडी रिकामी परत नेली. इंजिन राहिलं. गाडी तोच टॅक्सी म्हणून चालवणार आहे, पेट्रोलवर, आठवड्यातून तीन दिवस, आणि बाकीचे दिवस डिझेलचं गुणगान गाणार आहे.

तुला कळावं म्हणून लिहिलं. तुझं उत्तर यावं म्हणून नाही.

युसिमी

१८ मार्च

बाबा,

वरच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मागे घेते. उत्तर हवं आहे. ही दोन्ही पत्रं मार्गोच्या बहिणीकडे एकत्रच देते आहे.

काल सोमवार, गाडीच्या धंद्याचा पहिला दिवस. सकाळी कारखान्याची बस पकडून मी कामाला गेले. रेम्बेर्तोने इस्त्रीचा सदरा घातला होता म्हणे. बाजारापाशी उतारू भरले, आई स्वतः मधल्या बाकावर, पहिली फेरी म्हणून. मागून ढकलत ढकलत गाडी अंगणातून तिथवर आणली होती, कारण घराच्या दारात सुरू करून पेट्रोल कशाला जाळायचं, असं त्याचं गणित. आता किल्ली फिरवली तर नुसती घरघर. पुन्हा फिरवली. उतारू एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारी तुझं नाव घेऊन म्हणाली, "ही तीच ना, एवेलियोची गाडी? मग चालायची नाही." रेम्बेर्तोने बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं.

आत रोटर नव्हता.

तासाभराने मला ऑफिसात फोनवर बोलावलं. आईचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता.

"कुठे आहे?"

"काय कुठे आहे?"

"माझ्या कुकरचा दांडा!"

माझा हात ओव्हरऑलच्या खिशात गेला. बाबा, तो तिथेच होता. रविवारी झोपायच्या आधी मी झाकण उघडलं, रोटर काढला, खिशात टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. हाताने आपोआप केलं, जसा तुझा हात करायचा. आणि सकाळी तोच ओव्हरऑल चढवून बसमध्ये बसले.

"आई, माझ्या खिशात आहे."

"अगदी बापावर गेलीस! दिवस बघून, वेळ साधून, सगळ्या बाजारासमोर माझी शोभा—"

"आई, मी मुद्दाम नाही आणला! खिशात राहिला. माझ्या लक्षातच नाही."

आई एकदम हळू आवाजात बोलली, मला उद्देशून नव्हे, असं: "लक्षातच नाही."

आठ वर्षांत आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. आईचं एक उत्तर ठरलेलं: तिला अडकवायला तू तो नेलास. माझं दुसरं होतं, आणि डिस्ट्रिब्युटर उघडल्यावर तर ते फारच पक्कं झालं. मला वाटायचं, दांडा इतका झिजला आहे हे तुला माहीत होतं, तुझ्यामागे कुणी गाडी रेटली तर इंजिनची वाट लागेल, म्हणून तू त्याला वाचवायला रोटर नेलास. तिसरं उत्तर इतकं साधं होतं की ते माझ्याच खिशात बसून कामावर आलं.

तू गेलास त्याच्या आठवड्यात शेजाऱ्यांकडे तुझा फोन आला होता. मी आईच्या शेजारी उभी होते, पंधरा वर्षांची. आई म्हणाली, "मुद्दाम नेलास ना?" तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. आईने फोन ठेवून दिला आणि सांगितलं, "हो म्हणाला."

काल रात्री जेवताना तिने ताटातून मान वर न करता म्हटलं, "त्याला विचार."

म्हणून विचारते.

युसिमी

४ मे

बाबा,

पाकीट मिळालं. मार्गोने ते आईच्याच हातात दिलं, मी घरी नव्हते. मी आले तेव्हा टेबलावर रोटर होता, कागदी रुमालात गुंडाळलेला, आणि बाजूला तुझी चिठ्ठी, उघडलेली. आई शिवत होती. यंत्रात दोरा नव्हता.

"वाच मोठ्याने," म्हणाली.

"तू वाचलीस की."

"चष्मा नव्हता."

चष्मा नाकावर होता. मी वाचली. विमानतळावर खिसे रिकामे करायला सांगितले, ट्रेमध्ये किल्ल्या, नाणी, आणि हा. तिथला माणूस विचारतो हे काय आहे, आणि तुझ्या तोंडून शब्द निघेना. परत फिरायची सोय नव्हती. पोचल्यावर सांगणार होतास. "पण तिने विचारलं नाही, मलाच सांगितलं की मी मुद्दाम नेला. मला राग आला. म्हटलं, हो, मुद्दाम. मग ते आठ वर्षं पुरलं." आणि त्याखालची ओळ, जिच्यासाठी मी तुला मानते: "रोटर राहिला असता तर मी परत आलो असतो, असं मात्र म्हणत नाही. ते वेगळं आहे." आणि सगळ्यात शेवटी, घाईत: "टोक खाचेच्या विरुद्ध बाजूला."

आईने चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाली, "आठ वर्षं मी एका कावेबाज माणसावर चिडले होते. हा तर नुसता वेंधळा निघाला."

"मग आता राग गेला?"

"जातोय कुठे! आता वेंधळ्यावर चिडायचं, म्हणजे पहिल्यापासून सुरुवात." पण दोरा ओवताना ती हसत होती, आणि सुईचं नाकं सापडेना.

रेम्बेर्तो संध्याकाळी गाडी लावायला आला. तुझा रोटर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "अस्सल माल! हाच घालूया." मी म्हटलं, "घाल, आणि कोंबड्यांना आधी कळव." माझ्या रोटरसाठी सगळ्या तारा तीन घरं सरकल्या आहेत. तुझा बसवला तर गाडी पुन्हा खोकेल. ती आता कुकरच्या दांड्यावर चालते, आणि चांगली चालते. काल नवरानवरीला चर्चपासून घरी सोडून आली.

तेव्हा हा इथे बिनकामाचा आहे, असं मी म्हणणार होते. आईने तो हातातून घेतला, पुन्हा रुमालात गुंडाळला आणि माझ्यापुढे ठेवला.

"परत पाठव."

"आत्ता तर आला!"

"पाकिटातून आला. मी काय म्हणाले होते? ज्याने नेला त्याने आणून द्यायचा. खिशातून गेला, खिशातूनच यायला हवा."

म्हणून बाबा, या पत्राबरोबर तो पुन्हा तुझ्याकडे येतो आहे. खिशात ठेव. ट्रेमध्ये काढावा लागला आणि कुणी विचारलंच, तर या वेळी सांग की घरच्या गाडीचा भाग आहे. मी तिकडे येणार नाही, ते पहिल्या पत्रात लिहिलं आहे आणि तसंच आहे. तू इकडे यायचं. तारा जागेवर सरकवायला मला कॉफी निवण्याइतकाही वेळ लागत नाही.

आई आणखी एक लिहायला सांगते आहे. बाकीचे खिसेही नीट बघ. तू गेलास त्या सकाळपासून तिचा निळा लायटर सापडत नाही.

तुझी,
युसिमी